पावसाला विसावा
(नभोवाणीवरील भाषण)

शहरांचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम किल्ले येतात, पेठा येतात, बंदरें येतात. शहर कोणी वसविलें, कोणी जिंकलें, कोणत्या व्यापारानें तें भरभराटीस आलें, हें आपण शाळेंतच शिकतों. परंतु त्या शहरावर एका दिवसांत दहा इंच पाऊस पडला तेव्हां तें पाणी गेलें कोठें, हा प्रश्न इतिहासाचीं पुस्तकें सहसा विचारीत नाहींत. वास्तविक समुद्रकांठच्या शहराचें निम्में चरित्र या एका प्रश्नाच्या उत्तरांत सांठविलेलें असतें. आज मीं तोच प्रश्न दोन शहरांना विचारण्याचें योजिलें आहे. त्यांतलें एक शहर आपली मुंबई. दुसरें अमेरिकेंतील बोस्टन. दोन्ही शहरें समुद्रांत भर घालून वाढलीं, दोघांनाही एकाच संकटानें गांठलें, आणि दोघांनीं त्यावर केलेले उपाय निरनिराळे होते.

आरंभीं थोडेंसें गणित मांडूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी त्या एका गच्चीवरून खालीं उतरतें. एक हेक्टर जमिनीवर तोच पाऊस पडला तर तें पाणी दहा लाख लिटर भरतें. हीच हेक्टरभर जमीन रान असेल, तर कांहीं पाणी पानांवर अडतें, कांहीं पालापाचोळ्यांत थबकतें, कांहीं मुळांच्या वाटेनें मातींत उतरतें, आणि उरलेलें रमतगमत ओढ्याला मिळतें. त्याच जागीं फरसबंदी, डांबर आणि पत्रे आले म्हणजे सगळें पाणी त्याच घटकेस एकदम निघतें आणि गटाराच्या तोंडाशीं गर्दी करतें. गटारें तुंबतात तीं पाऊस वाढल्यामुळेंच असें नव्हे. पावसाचीं वाटेंत थांबण्याचीं ठिकाणें नाहींशीं झाल्यामुळेंही तीं तुंबतात.

समुद्रकांठीं याला आणखी एक अडचण येऊन मिळते. समुद्र दिवसांतून दोनदां चढतो आणि दोनदां उतरतो. मुंबईस मोठ्या उधाणाची भरती पांच मीटरांच्या जवळपास जाते. ज्या नाल्याचें तोंड या भरतीच्या पातळीखालीं असेल, त्यांतून तितका वेळ पाणी बाहेर पडूं शकत नाहीं. उलट तोंडाला झडप नसेल तर समुद्रच आंत शिरतो. म्हणजे ओहोटी सुरू होईपर्यंतचे कांहीं तास शहरावर पडलेल्या पावसाला कोठें तरी थांबणें भाग असतें. शहरानें त्याला जागा दिली तर तो त्या जागेंत थांबतो. न दिली तर रस्त्यांत, दुकानांत आणि आपल्या घरांत येऊन थांबतो.

ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांना शहरांच्या फार पूर्वीं उमगली होती. गोव्यांतील खाजण जमिनींची व्यवस्था पाहावी. खाडीच्या कांठच्या सखल जमिनीला मातीचा बांध घालून समुद्राचें खारें पाणी बाहेर ठेवावयाचें आणि आंत भात पिकवावयाचें, अशी ही रीत पोर्तुगीज येण्यापूर्वींपासूनची आहे. बांधांत ठिकठिकाणीं लांकडी दारें बसविलेलीं असतात. त्यांना तिकडे मानस म्हणतात. भरती चढूं लागली कीं बाहेरच्या पाण्याच्या दाबानें हें दार आपोआप मिटतें; ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें तें आपोआप उघडतें. परंतु या व्यवस्थेचें खरें मर्म केवळ दारांत नाहीं. दाराच्या आंतल्या बाजूस एक सखल डोह मुद्दाम राखलेला असतो. दार मिटलेलें असतांना वरून पडलेला पाऊस आणि ओढ्यांतून आलेलें पाणी त्या डोहांत सांठतें आणि दार उघडण्याची वाट पाहतें. त्या डोहांत भात लावला तर चार मण धान्य अधिक मिळेल, हें गांवाला कळत नव्हतें असें नाहीं. तरीही ती जागा पाण्यासाठीं सोडलेली असे, आणि बांध, दार व डोह यांची देखभाल गांवाची संस्था सामुदायिक रीतीनें करीत असे.

आतां मुंबईकडे वळूं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या १६६१ च्या तहानें मुंबई मिळाली आणि १६६८ सालीं वर्षाला दहा पौंड भाड्यानें त्यानें ती ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केली. त्या वेळची मुंबई म्हणजे एक सलग शहर नव्हतें. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम अशीं तीं सात बेटें होतीं. त्यांच्यामध्यें चिखलाचे सखल पट्टे होते, आणि भरतीच्या वेळीं त्यांवर समुद्र पसरत असे. यांतील सर्वांत मोठें खिंडार महालक्ष्मी आणि वरळी यांच्या दरम्यान होतें. तेथून शिरलेलें पाणी बेटांच्या मधल्या सखल भागांत थेट आंतपर्यंत जाई. लोक चिखल तुडवून येत आणि शहरांत शिरण्यापूर्वीं जेथें पाय धूत, ती जागा पायधुणी, असें त्या नांवाचें मूळ सांगतात.

हें खिंडार बुजविण्याचें श्रेय गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याला देतात. त्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, महालक्ष्मी आणि वरळी यांना जोडणारा बांध पुरा झाला. आजचा हाजीअलीजवळून जाणारा रस्ता त्याच बांधावर आहे. या बांधाभोंवतीं आख्यायिकाही जमल्या आहेत. बांध पुनःपुन्हां कोसळत होता, शेवटीं समुद्रांतून देवीच्या मूर्ति वर काढून त्यांची स्थापना केल्यावर तो टिकला, ही महालक्ष्मीच्या देवळाची कथा सर्वश्रुत आहे. कथेचा भाग सोडला तरी बांधाचें महत्त्व कमी होत नाहीं. त्यानें मधली विस्तीर्ण सखल जमीन कोरडी केली, आणि पुढें गिरण्यांची, चाळींची, कामगारांची मुंबई ज्या भूमीवर उभी राहिली तिच्यांतला मोठा भाग या बांधानें मिळवून दिला.

परंतु बांधानें समुद्र बाहेर ठेवला, तसा पाऊसही आंत अडविला. मागची जमीन भरतीच्या पातळीहून खालीं होती ती खालींच राहिली. पूर्वीं समुद्र आंत येई आणि आपल्याबरोबर पावसाचें पाणी घेऊन ओहोटीनें परत जाई. आतां तो ये-जा करीनासा झाला आणि पावसाळ्यांत या सखल भागांत तळीं सांचूं लागलीं. म्हणून एकोणिसाव्या शतकांत शहराचें पाणी वाहून नेणारा मोठा नाला वरळीच्या लव्हग्रोव्हपर्यंत नेण्यांत आला, आणि तेथें ओहोटीच्या वेळीं पाणी सोडून देणारीं दारें बसविलीं. पुढें हा नाला वरून कमानी घालून झांकला गेला. खाजणाची विद्या ती हीच. बांध झाला आणि दारही झालें. परंतु दाराच्या आंत जो डोह राखावयाचा, तोच मुंबईंत राहिला नाहीं. सखल जमीन गांवच्या कचऱ्यानें आणि मातीनें हळूहळू भरत गेली आणि तिच्यावर वस्ती चढली.

जुन्या मुंबईंत पाणी थांबण्याचीं दुसरीं ठिकाणें होतीं तीं तिचीं तळीं. आज आपण धोबीतलाव म्हणतों, सी. पी. टँक म्हणतों, बाबुला टँक, नबाब टँक आणि गवालिया टँक म्हणतों, परंतु या नांवांच्या जागीं पाण्याचा थेंब दिसत नाहीं. गवालिया टँक हें गुरें धुण्याचें तळें. तें बुजवून झालेल्या मैदानावर १९४२ च्या ऑगस्टांत ‘छोडो भारत’ची सभा भरली. मुंबादेवीचें तळेंही असेंच गेलें. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव तेवढा आपल्या पायऱ्यांसह टिकून आहे.

हीं तळीं बुजविणाऱ्यांस आज नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. १८६० सालीं मिठी नदीवर धरण बांधून विहार तलाव पुरा झाला आणि नळानें पाणी येऊं लागलें, तेव्हांपासून तळ्यांची नित्याची गरज सरली. गरज सरल्यावर तीं घाण होऊं लागलीं. १८९६ च्या प्लेगानें शहराची गाळण उडविली. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यानें हिंदुस्थानांतच डांस आणि हिंवताप यांचा संबंध शोधून काढला, आणि डॉ. बेंटले यांनीं १९११ सालीं मुंबईंतील हिंवतापाविषयीं जो अहवाल दिला त्यांत शहरांतील विहिरी व सांठलेलीं पाणी डांसांचीं घरें ठरलीं. आपल्या मुलाबाळांना तापानें फणफणतांना पाहणाऱ्या पिढीनें तळीं बुजविलीं, तीं अविचारानें नव्हे. त्या पिढीनें प्यावयाच्या पाण्याचा विचार केला, रोगाचा विचार केला. एका गोष्टीचा हिशेब मात्र त्या बेरजेंत आला नाहीं, आणि ती म्हणजे ही तळीं पावसाळ्याच्या ऐन भरांत आणखी एक काम न बोलतां करीत होतीं. तें काम आतां कोणी करावयाचें, हें कोणी ठरविलें नाहीं.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस हाच प्रश्न एका शहरापुढें उभा होता, आणि तेथें तो कसा सुटला हें पाहण्यासारखें आहे. बोस्टन शहर मुळांत एका लहानशा भूशिरावर वसलेलें. त्याच्या पाठीशीं बॅक बे नांवाची उथळ खाडी होती आणि तींत भरतीचें पाणी येजा करीत असे. १८२१ सालीं भरतीच्या जोरावर चक्क्या चालविण्यासाठीं या खाडीवर एक बांध घातला गेला. चक्क्यांचा फायदा फारसा झाला नाहीं. पण खाडीचें वाहतें पाणी अडलें आणि शहराची घाण तींत कुजूं लागली. तेव्हां १८५० नंतरच्या दशकांत आगगाडीनें दुरून खडी-वाळू आणून ही खाडी भरण्याचें काम सुरू झालें आणि तिच्यावर शहरांतली उत्तम वस्ती उभी राहिली. मुंबईच्या वाचकाला ही कथा ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं.

खाडीचा शेवटचा तुकडा भरावयाचा राहिला, तेथें मात्र काम अडलें. मडी रिव्हर आणि स्टोनी ब्रुक असे दोन ओढे त्या तुकड्यांत येऊन मिळत. भरतीच्या वेळीं पाऊस आला म्हणजे ओढ्यांच्या पाण्याला बाहेर वाट राहत नसे आणि तें वस्तींत शिरे. १८७८ सालीं शहराच्या उद्यान-मंडळानें त्या जागीं बाग करण्याचें ठरवून नकाशे मागविले. आलेले नकाशे सुंदर होते, परंतु पाण्याचें काय करावयाचें याचें उत्तर त्यांत नव्हतें. मग मंडळानें फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याला पाचारण केलें. न्यूयॉर्कच्या विख्यात सेंट्रल पार्कची आंखणी करणाऱ्या दोघांपैकीं हा एक. त्यानें शहराच्या इंजिनियराबरोबर बसून प्रश्न उलटा मांडला. बागेंत पाण्याची सोय कशी करावी असें न विचारतां, पाण्याच्या सोयीलाच बागेचें रूप कसें द्यावें, हें त्यानें विचारलें.

त्याची योजना थोडक्यांत अशी होती. घरांतलें सांडपाणी वेगळ्या नळांनीं दूर न्यावयाचें, म्हणजे पावसाच्या पाण्याशीं त्याची भेसळ होणार नाहीं. उरलेल्या खाडीचा खोल, वळणावळणाचा जलाशय करावयाचा. समुद्राच्या बाजूस झडप ठेवून भरतीचें पाणी हवें तेवढेंच आंत घ्यावयाचें. ओढ्यांना पूर आला आणि बाहेर भरती असली, म्हणजे झडप मिटावयाची आणि पुराचें पाणी जलाशयाच्या कांठच्या सखल गवताळ पट्ट्यांवर पसरूं द्यावयाचें. ओहोटी लागली कीं तें सोडून द्यावयाचें. पाणी उथळ उतारावर पसरणार असल्यानें दगडी भिंतींची गरज नव्हती, आणि खारें पाणी सोसणारें गवत कांठ धरून ठेवणार होतें. या जागेला ‘फेन्स’, म्हणजे दलदलीची भूमि, असें नांव पडलें. पाहणाऱ्यास तें निसर्गाचेंच काम वाटावें असा ओल्मस्टेडचा हेतु होता, आणि तो इतका साधला कीं पुढच्या पिढ्यांना तेथें यंत्रासारखें कांहीं काम चालतें याचा विसर पडला.

हा विसरच बोस्टनला महाग पडला. १९१० सालीं चार्ल्स नदीच्या मुखाशीं धरण झालें. भरती आंत येईनाशी झाली, पाणी गोडें झालें आणि खाऱ्या पाण्याचें गवत मेलें. मग त्या दलदलीला अर्थ राहिला नाहीं असें वाटून तिच्या कडा भरण्यांत आल्या. १९५० नंतरच्या दशकांत मडी रिव्हरचा कांहीं भाग नळांत घालून वर मोटारी उभ्या करण्याची जागा करण्यांत आली. पुढें चार दशकें सर्व ठीक दिसत होतें. १९९६ च्या ऑक्टोबरांत मोठा पाऊस आला. नळांना पाणी पेलवेना आणि पूर केनमोर येथील भुयारी आगगाडीच्या स्थानकांत उतरला. त्यानंतर शहरानें जो उपाय केला तो मोठा बोलका आहे. २०१३ पासून २०१६ पर्यंत खोदकाम करून नळांत पुरलेली नदी पुन्हां उघडी करण्यांत आली आणि तिच्या कांठांवर पाणथळींत वाढणारीं झाडें लावण्यांत आलीं. म्हणजे सव्वाशें वर्षांपूर्वीं जें केलें होतें तेंच, मोठा खर्च सोसून, पुन्हां करावें लागलें.

मुंबईच्या विसाव्या शतकांत याच्या उलट दिशेनें गोष्टी घडत गेल्या. विहार तलावापासून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी ही साष्टीच्या दक्षिण भागांतील पावसाची राजवाट. तिची लांबी सुमारें १८ किलोमीटर. विमानतळाच्या धांवपट्टीसाठीं तिला काटकोनांत वळावें लागलें. तिच्या कांठांवर कारखाने व झोंपड्या आल्या. मुखाजवळची दलदल आणि तिवरांची झाडी पुराचें पाणी थोपवून धरीत असे. तेथें १९७७ नंतर भर घालून वांद्रें-कुर्ला संकुल उभें राहिलें. नदी अरुंद होत होत इतकी नाल्यासारखी झाली कीं मुंबईंतील पुष्कळ सुशिक्षितांना आपल्या शहरांत मिठी नांवाची नदी आहे हें २००५ पर्यंत ठाऊकही नव्हतें.

त्या वर्षाच्या २६ जुलैला तें सर्वांना कळलें. सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. त्याच काळांत कुलाब्यास सुमारें ७३ मिलिमीटर पडला. पावसाचा जोर दुपारीं वाढला, आणि त्याच दुपारीं ४.४८ मीटरांची भरती होती. म्हणजे पाऊस आणि समुद्र दोघेही एकाच वेळीं दारांत उभे राहिले. मुंबईंत चारशेंहून अधिक माणसें मेलीं. कोणी बुडालीं, कोणी दरडींखालीं गाडलीं गेलीं, कोणी बंद मोटारींत गुदमरलीं. मिठीच्या कांठच्या वस्त्यांत किती संसार एका रात्रींत वाहून गेले याची मोजदाद करणें कठीण आहे. शंभर चौरस मीटरांच्या आपल्या त्या गच्चीवर त्या दिवशीं सांताक्रूझचा पाऊस पडला असेल, तर एकट्या तिच्यावरून ९४,४०० लिटर पाणी खालीं आलें.

त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली गेली आणि तिनें २००६ सालीं आपला अहवाल दिला. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांविषयीं जी माहिती त्या वेळीं सर्वतोमुखी झाली, तींतील एक बाब माझ्या मतें साऱ्या इतिहासाचें सार आहे. त्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठीं, आणि तोही ओहोटीच्या वेळीं, अशा बेतानें बांधलेल्या होत्या. शिवाय हिशेब करतांना असें धरलें होतें कीं पडलेल्या पावसापैकीं निम्मा जमीन पिऊन टाकील आणि उरलेला निम्माच वाहिन्यांत येईल. ज्या इंजिनियरांनीं हें धरलें ते चुकले नव्हते. त्यांच्या काळीं मुंबईंत वाड्या होत्या, बागा होत्या, तळीं आणि मैदानें होतीं. १९९३ सालीं जेव्हां नवी योजना आंखली गेली तेव्हां तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला गेला. आणि जमीन कांहींच पिणार नाहीं, सगळें पाणी वाहूनच जाईल, असें धरण्यांत आलें. श्रोतेहो, पहिल्या हिशेबांत जमीन ही इंजिनियराची भागीदार होती. दुसऱ्या हिशेबांत तिचें नांव खोडून टाकलें गेलें. आपण शंभर वर्षांत काय गमावलें हें या दोन आंकड्यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसऱ्या कशांतही दिसत नाहीं.

नव्या योजनेप्रमाणें हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला, ब्रिटानिया इत्यादि ठिकाणीं मोठीं उदंचन केंद्रें उभीं राहिलीं. भरतीच्या वेळीं दारें मिटून आंतलें पाणी यंत्रांनीं उपसून समुद्रांत टाकावयाचें, हें त्यांचें काम. या यंत्रांनीं सखल भागांना पुष्कळ दिलासा दिला आहे, आणि समुद्राहून खालीं असलेल्या वस्तीला त्यांच्यावांचून गत्यंतर नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु यंत्र आपल्याजवळ पोंचलेलेंच पाणी उपसूं शकतें. दूरच्या गल्लींतील पाणी त्याच्यापर्यंत जाईतों मध्यें थांबावयास जागा लागतेच. म्हणून अलीकडे, २०२१ नंतर, हिंदमाता परिसराचें पाणी तात्पुरतें सांठविण्यासाठीं दादर व परळ येथील मैदानांखालीं कोट्यवधि लिटरांच्या टांक्या बांधण्यांत आल्या. जुन्या तळ्यांचें काम हें असें जमिनीखालीं, कोंक्रीटच्या रूपानें आणि मोठ्या खर्चानें, पुन्हां सुरू झालें आहे.

हें काम उघड्यावर, झाडांच्या व गवताच्या साहाय्यानेंही होऊं शकतें, याचा एक दाखला मिठीच्याच कांठीं आहे. धारावीजवळ पूर्वीं शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. तेथें १९८३ सालीं पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या हस्तें झाडें लावण्यास आरंभ झाला आणि १९९४ सालीं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांस खुलें झालें. सुमारें ३७ एकरांच्या या जागेंत आज दाट वनराई आहे, तळें आहे, पक्षी आहेत. आणि पडणारा पाऊस तेथें मुरतो व सांठतो. कचऱ्याच्या ढिगावर जें साधलें, तें चांगल्या जमिनीवर साधणार नाहीं असें कोण म्हणेल? २००५ च्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस मनाई केली, तीही याच दिशेची.

येथें कोणी विचारील, आणि तें विचारणें रास्त आहे, कीं पुन्हां तळीं झालीं म्हणजे पुन्हां डांस आले. डॉ. बेंटले यांच्या काळचें तें भय अद्याप खोटें ठरलेलें नाहीं. परंतु पावसाला विसावा देणें म्हणजे त्याला कायमचें बिऱ्हाड देणें नव्हे. डांसाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो. आजचे उद्यानशिल्पी ज्या सखल बागा आंखतात, त्यांत वाळू व खडीचे थर घालून वर पाणी सोसणारीं झाडें लावलेलीं असतात. पाऊस पडला कीं त्या भरतात आणि एकदोन दिवसांत कोरड्या होतात. जेथें खालीं काळा कातळ आहे तेथें पाणी फारसें मुरणार नाहीं, हेंही खरें. तेथें तें थांबवून सावकाश सोडावें. आणि ९४४ मिलिमीटरांचा पाऊस कोणत्याही बागेंत मावणार नाहीं, हें तर उघड आहे. परंतु दरसालच्या नेहमींच्या पावसापैकीं पुष्कळसा बागांत थांबला, तर वाहिन्या आणि यंत्रें यांना आपलें काम करावयास उसंत मिळते. आणि संकटाच्या दिवशीं तासदोन तासांची उसंत म्हणजे माणसांना घरीं पोंचावयास मिळालेला वेळ असतो.

म्हणून यापुढें शहरांतील एखादें मैदान, एखादें मिठागर, एखादें जुनें डबकें भरून बांधकामाला देण्याचा प्रश्न निघेल, तेव्हां त्या जागेची किंमत चौरस फुटांच्या दरानें तेवढी करूं नये. ती किती पाणी किती वेळ धरते, हाही आंकडा त्या हिशेबांत मांडावा. वडाळ्याचीं मिठागरें आहेत, महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान आहे, उपनगरांत अजून थोड्या वाड्या आहेत. या सर्वांविषयीं निर्णय होत राहणार आहेत. निर्णय करणाऱ्यांना नागरिकांनीं हा प्रश्न विचारला पाहिजे. घरापुरतें बोलावयाचें तर आपल्या इमारतीचें आवार साफ फरसबंद करून टाकण्यापूर्वीं चार झाडांपुरती माती उघडी ठेवावी आणि गच्चीचें पाणी टांकींत किंवा विहिरींत उतरवावें. मुंबईंत २००२ पासून मोठ्या नव्या इमारतींना तें बंधनकारकही झालेलें आहे; तें कागदावर आहे कीं गच्चीवर आहे, एवढें पाहणें आपल्या हातीं आहे.

खाजणाच्या कांठचा शेतकरी डोहाची जागा रिकामी ठेवी, ती पडीक म्हणून नव्हे; वर्षांतले कांहीं दिवस तिचा मालक पाऊस आहे, हें तो जाणून होता. बोस्टननें तें एकदां जाणलें, विसरलें आणि पुन्हां शिकून घेतलें. मुंबईच्या वाट्याला हा धडा फार मोठ्या किंमतीनें आला आहे. ज्यांनीं ती किंमत दिली त्यांच्यासाठीं तरी आपण तो ध्यानांत ठेविला पाहिजे.